हुक मागे, अक्कल त्याच्याही मागे

पालघर जिल्ह्यातल्या बोईसरचं कापड देशभर जातं. सियारामचं सुटाचं कापड इथल्या एमआयडीसीत विणलं जातं, डीडेकॉरचे पडदे इथेच तयार होतात. पुरुषाच्या खांद्यापासून दिवाणखान्याच्या खिडकीपर्यंत सगळ्यांची मापं या गावाला पाठ आहेत. बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईने फीडिंग ब्रा मागितली, की मात्र दुकानदार म्हणतो, "ताई, मुंबईहून मागवावी लागेल."

खिडक्यांची सोय आधी. आया थांबतील.

तशी आपल्याकडे मोठी कामं अडत नाहीत. तारापूरला १९६९ साली अणुवीज तयार झाली, देशात पहिल्यांदा. वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर येतंय. बुलेट ट्रेन बोईसरला थांबणार आहे. रडणाऱ्या बाळासाठी एका हाताने उघडेल असा हुक तेवढा अजून विचाराधीन आहे.

पालघर जिल्हा जन्मला १ ऑगस्ट २०१४ रोजी. जागतिक स्तनपान सप्ताहही दरवर्षी १ ऑगस्टलाच सुरू होतो. एकाच तारखेला दोन निमित्तं, फ्लेक्सवाल्याची चैन. वर नेत्यांचे फोटो, मध्ये शुभेच्छा, कोपऱ्यात गुटगुटीत बाळ. आई? तिच्यासाठी जागा उरली नाही.

२०१६ साली केंद्र सरकारने 'माँ' नावाचा स्तनपानाचा कार्यक्रम आणला. चेहरा माधुरी दीक्षितचा. संदेश चोख: पहिल्या तासात पाजा, सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं आणि त्यानंतरही. सगळं पटलं. फक्त अंगात काय घालून, एवढं विचारायचं राहिलं.

चला, दुकानात जाऊन विचारू.

काउंटरशी उभी बाळंतीण, खांद्यावर दीड महिन्याचं पोर. समोर नुकतं मिसरूड फुटलेला मुलगा. ती पुटपुटते, "छत्तीस." तो माळ्याकडे तोंड करून ओरडतो, "अरे, छत्तीसमध्ये फीडिंग टाक!" वरून खोका पडतो. मोजे घ्यायला आलेले काका अचानक छताच्या पंख्याचा अभ्यास करू लागतात.

माप घ्यायला बाई नाही. घालून बघायला खोली नाही. भिंतीवर पाटी: 'आतले कपडे बदलून मिळणार नाहीत.' शेजारी दुसरी: 'फॅशनच्या जमान्यात गॅरंटीची अपेक्षा करू नये.' न मोजता, न बघता आणि परतीची बोली नसताना माणूस दुसरं काय विकत घेतो? लॉटरीचं तिकीट.

घेतलेली वस्तू आधी वर्तमानपत्रात गुंडाळतात, मग काळ्या पिशवीत घालतात. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे. या एका खरेदीपुरती ती शिथिल केलेली असावी. वर्तमानपत्राबद्दल तक्रार नाही. बायकांच्या या प्रश्नाला माध्यमांनी दिलेलं ते आजवरचं सर्वांत जवळचं कव्हरेज आहे.

आता मापाबद्दल. छातीखाली टेप नीट आवळून धरला की पट्ट्याचं माप मिळतं. छाती जिथे सर्वांत भरलेली, तिथलं दुसरं माप. दोन्हींत दोन इंचांचा फरक आला तर बी कप, तीनचा सी, चारचा डी. दुसरीतल्या वजाबाकीचं काम. पण स्वस्तातल्या बहुतेक डब्यांवर एकच आकडा छापलेला असतो आणि कपाच्या बाबतीत सगळी शांतता.

परिणाम काय? दूध भरल्यावर वाढतो कप. दुकानदार वाढवून देतो पट्टा. चौतीसवालीला अडतीस दिली की मागचा पट्टा पाठीवर वर चढतो, सगळा भार खांद्यांवरच्या बंदांवर येतो आणि तिथे लाल वळ उमटतात. घरचे म्हणतात, सारखं पोराला घेऊन बसते म्हणून खांदे दुखतात.

तीन किलोचं पोर. त्याच्यावर आळ.

कधी घ्यावी? सातव्या महिन्यात हिरवी साडी होते, फुलांचे दागिने होतात, पुठ्ठ्याच्या चंद्रावर बसून फोटोही होतात. आठव्यात एखाद-दुसरी फीडिंग ब्रा घ्यावी, सर्वांत सैल हुकावर नीट बसेल अशी. बाळंतपणानंतर छातीचा घेर उतरतो, तेव्हा हुक आतल्या रांगेत घेता येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, छाती दाटून येते, पुढच्या काही आठवड्यांत माप स्थिरावतं. बाकीच्या तेव्हा घ्याव्यात. पण तोवर बजेट चंद्रावर गेलेलं असतं.

प्रकार तीन-चार आहेत. खांद्याजवळची क्लिप काढून कप खाली उतरवायचा, किंवा पुढचे हुक सोडायचे, किंवा कप नुसताच बाजूला सरकवायचा. कसोटी मात्र एकच: न बघता, एका हाताने उघडता आणि लावता आली पाहिजे. रात्रीचे तीन, दिवा बंद, दुसऱ्या हातात बेंबीच्या देठापासून ओरडणारं बाळ. नवऱ्याला दिवसाउजेडी, दोन्ही हातांनी ती क्लिप लावून बघायला सांगा. त्यानंतर तो किमतीवर बोलणार नाही.

तार असलेली नको. ती टोचते, दाबते. दाबलेल्या जागी दूध साचून गाठ होऊ शकते. गाठीबरोबर लाली आणि ताप आला तर थेट डॉक्टर गाठा, आणि डॉक्टर बंद करा म्हणत नाहीत तोवर पाजणं चालू ठेवा. कोबीच्या पानांपासून दृष्ट काढण्यापर्यंतचे बाकीचे सल्ले आपोआप येतातच. त्यांना अपॉइंटमेंट लागत नाही.

फोमच्या कपाचंही तेच. केळव्यापासून डहाणूपर्यंत मे महिन्यात अंगावर गंजी सहन होत नाही. तिथे जाड फोम, आत पाझरणारं दूध, बाहेर घाम. पाकिटावरची बाई तरीही हसतेय. तिच्या हातात बाळ नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

सुती घ्या, होजिअरीची घ्या, साधी घ्या. दोन-अडीचशेतही कामाची मिळते. ब्रँडची लेबलं लागली की आठशे, हजार. जास्तीचे पैसे कशाचे, तर बऱ्याचदा लेसचे. बाळ लेस खात नाही.

दूध पाझरतं म्हणून पॅड लागतात. विकतचे बरेचसे एकदा वापरून फेकायचे. जुन्या सुती साडीच्या चार पदरी चकत्या शिवल्या तर धुऊन पुन्हा चालतात. ओल्या झाल्या की बदलायच्या, एवढंच पथ्य. अडचण एकच: घरातल्या सगळ्या जुन्या साड्या बोहारणीकडे जाऊन त्यांचा स्टीलचा डबा झालेला असतो. तो काहीही टिपत नाही.

किती घ्याव्यात? एक अंगात, एक धुण्यात, एक दोरीवर. आपल्याकडच्या पावसात चौथीही. पण दोरीवर ती दिसली तर ना! नवऱ्याचं भोकाचं बनियन गॅलरीत, भर रस्त्यासमोर. तिची ब्रा परकराच्या आत, परकर टॉवेलच्या आत. ना ऊन, ना वारा. मग दमट कपडा तसाच अंगात जातो आणि पुढे खाज, बुरशी, मलमं. अब्रू वाचते, कातडी जाते.

"आमच्या वेळी नव्हती ही थेरं."

हे वाक्य येणारच होतं. बरोबर आहे, आई. तुमच्या वेळी, निदान तुमच्या सासूच्या वेळी, अंगात चोळी होती. पुढून उघडी, खाली गाठ. बाळ रडलं, गाठ सुटली, विषय संपला. ना क्लिप, ना कुरिअर, ना तार. थेरांची गरज पडली नाही, कारण सोय आधीच शिवलेली होती.

मग आपण सुधारलो. १९१४ साली अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या बाईने ब्राचं पेटंट घेतलं. पहिला नमुना तिने दोन रेशमी हातरुमाल आणि फीत जोडून केला होता. पुढे ती वस्तू आपल्याकडे आली आणि हुक पाठीमागे गेले. आता तेच हुक पुढे आणून 'खास आईसाठी' म्हणून जास्तीचे पैसे घेतात. आजीने पेटंट घेतलं नाही. आपण नातवंडं व्याज भरतोय.

गाऊनचं बघा. फीडिंग गाऊन पालघरच्या कुठल्याही दुकानात टांगलेला असतो. बाहेर दोन उभ्या चेन, खास सोयीसाठी. बाई चेन उघडते. आत नेहमीची ब्रा, हुक पाठीमागे. म्हणजे फाटक सताड उघडं, दाराला कुलूप.

आता जरा हिशेब. नव्या बाळाला दिवसात आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. कमीत कमी आठ धरले तरी सहा महिन्यांत १,४४० वेळा. अडीचशेच्या तीन घेतल्या तर साडेसातशे रुपये, म्हणजे एका वेळेला साधारण बावन्न पैसे. लग्नातला शालू किती वेळा नेसला? त्याच्या हिशेबाला कुणी बसत नाही, कारण बसणं शुभ नसतं.

दुधाच्या पावडरीचा डबा मात्र न विचारता येतो. १९९२ च्या कायद्याने त्याच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि 'आईचं दूध सर्वोत्तम' हे वाक्य डब्यावरच छापावं लागतं. म्हणजे आईच्या बाजूने बोलायची सक्ती कुणावर, तर तिच्या प्रतिस्पर्ध्यावर. घरच्यांवर अशी कुठलीही सक्ती नाही.

बाटलीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये बारावरून पाच टक्क्यांवर आला. साध्या ब्रावर पाच टक्के आधीपासूनच होते. अखेर बाटली आणि आई एका पातळीवर आल्या. याला समानता म्हणतात.

सरकारी दवाखान्यात पहिलं बाळ जन्मलं तर दोन हजार रुपयांचं बेबी केअर किट द्यायचं, असं राज्य सरकारने ठरवलं. बाळाचे कपडे, मच्छरदाणी, नेलकटर. एका दिवसाच्या बाळाच्या नखांपर्यंत शासन पोहोचलं, हे कौतुकास्पदच. बाळाचं जेवण ज्या कपड्याआड आहे, तिथे पोहोचायला बहुधा वेगळा जीआर लागतो.

आपला घरचा बाळंतविडा तरी काय वेगळा? कुंची, टोपडं, झबली, लंगोट, दुपटी. आईसाठी डिंकाचे लाडू, शेक, धुरी आणि सूचना. तिला खायला घालायचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: दूध यावं. गोठ्यातही हाच नियम असतो.

मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी पाच हजार मिळतात. आईच्या खात्यात जमा झाल्याचा मेसेज येतो, आणि घरातला कर्ता म्हणतो, "बरं झालं, या महिन्याचं भागलं." वंदन मातेला, हप्ता बाइकचा.

आता कामावर जाऊ. एमआयडीसीत कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या बायका मोजा, बऱ्याच ठेकेदाराकडच्या. कायदा २०१७ साली सुधारला: पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. मूळ १९६१ च्या कायद्यातही बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या होत्याच. कायदा इतका सुंदर आहे, की तो कुठे राहतो ते कुणी विचारत नाही.

रजेसाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरावं लागतं. मस्टरवर ठेकेदाराचं नाव बदललं की बाईचे दिवस कुणाच्या वहीत मोजायचे? पोट तेच, मशीन तेच, पाळी तीच. फक्त ती 'नवीन जॉइन' होते.

मग तिसऱ्या महिन्यातच ती कामावर येते. बाळ चाळीतल्या खोलीत आजीपाशी. दुपारी दोनला छाती दाटते, ॲप्रनवर दोन ओले गोल उमटतात. सुपरवायझर नजर चुकवतो आणि सांगतो, "ॲप्रन बदलून या." बदलायला जागा म्हणजे संडास. दूध पिळून टाकायला जागा म्हणजे तोच संडास. भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' लिहिलेलं असतं, उत्पादनाची असणार.

बँकेतल्या, शाळेतल्या, कचेरीतल्या बाईचं बरं असेल म्हणता? ती विरारपुढचं सगळं आयुष्य फलाटावर काढते. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली. एक चुकली की पुढचीची वाट बघत बसायचं, मांडीवर बाळ असो वा नसो. बाळाने तोंड वेंगाडलं की आधी आजूबाजूला नजर, मग ओढणी, मग क्लिप. फलाटावर थुंकणाऱ्याला आजूबाजूला बघावं लागत नाही.

गंमत म्हणजे ही लाज शहराकडून येते. जव्हार-मोखाड्याच्या एसटीत बाई पदराआड बाळाला घेते, शेजारचा म्हातारा खिडकीबाहेर शेतं बघत राहतो. कुणाच्या कपाळावर आठी नाही. याच तालुक्यांचं कुपोषण गाजलं की आपण तिथल्या आईला दूध पाजण्याचे फायदे शिकवायला जातो. पाजताना बघायचं नसतं, हे तिथून शिकून यायला कुणी जात नाही.

तिच्या ताटाचा विचार झाला, तोही उशिरा. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळ चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ साली आदिवासी भागांत सुरू झाली. चांगली योजना. पण कागदावर बाईचं नावच बघा: स्तनदा माता. दोन शब्द, दोन्ही दुसऱ्याच्या कामाचे.

आणि हिरकणी? ती तर आपली हुकमी. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेली गवळण. आख्यायिका सांगते, महाराजांनी तिथे बुरूज बांधला आणि तिला साडीचोळी दिली. चोळी! साडेतीनशे वर्षांपूर्वी राज्यकर्त्याला सुचलं ते. आपण तिचं नाव एसटीला दिलं, स्थानकावरच्या खोलीला दिलं, २०१९ साली सिनेमाला दिलं. चोळीचं तेवढं विसरलो.

हिरकणी कक्षाबद्दल फार बोलायला नको. पाटी ठळक असते, कुलूपही ठळक. किल्ली कंट्रोलरकडे, कंट्रोलर जेवायला. उघडलाच तर आत जुने बाक आणि मागच्या स्तनपान सप्ताहाचे बॅनर. कडा उतरणं त्यामानाने सोपं.

मग करायचं काय? समित्या नकोत. दुकानदाराने काउंटरवर एक बाई ठेवावी, तिच्या हाती एक टेप द्यावा, गोदामाच्या कोपऱ्याला पडदा लावावा. पडदा मिळायची अडचण निदान बोईसरात तरी नसावी. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनी सुती कापडाची, पुढून हुकाची, मापाबरहुकूम शिवायला घ्यावी. फिटिंग त्यांना कुठल्याही ब्रँडपेक्षा जास्त कळतं. आणि बाईने दुकानात आवाज चढवून मागावी. पंख्याचा अभ्यास करणारे काका हळूहळू सरावतील.

न घालणाऱ्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. ब्रा नसली तर काही बिघडत नाही. छाती ओघळते ती मुख्यतः गरोदरपणाने आणि वयाने, पाजल्याने नव्हे. घरात सैल कुडता घालून पाजलं तरी दूध तेच. सोय वाटली तर घाला, नाही वाटली तर टाका. बाळाला विचारून बघा, त्याला फक्त पॅकिंग लवकर उघडलेलं हवं असतं.

नवऱ्यांसाठी एकच सूचना. मोबाइलचं कव्हर घेताना मॉडेल नंबर, रॅम, रंग सगळं पाठ असतं. बायकोच्या ब्राचं माप विचारलं की "मीडियम." मीडियम हा चहाच्या साखरेचा आकडा आहे.

पुढच्या बारशाला जाल, तेव्हा झिरो साइजचा आणखी एक फ्रॉक नेऊ नका. तसे दहा आलेले असतात आणि महिन्याभरात सगळे लहान होतात. बाळाच्या आईला किंवा तिच्या बहिणीला माप विचारा, सुती, बिनतारेच्या, एका हाताने उघडणाऱ्या दोन घ्या, आणि पाकिटात घालून सगळ्यांसमोर द्या. फारच संकोच वाटला तर पाकिटावर बाळाचं नाव लिहा.

खोटं ठरणार नाही. दिवसातून आठ वेळा तोच वापरणार आहे.